पेटंट म्हणजे कुंपण, पीक नव्हे



काही महिन्यांपूर्वी एका घरी मलिद्याचा कार्यक्रम होता. प्रार्थना आटोपली, गोड पोहे आणि फळे वाटून झाली, आणि मंडळी गप्पांना बसली. तेवढ्यात समाजातील एक तरुण मुलगा आमच्याजवळ आला. आजीच्या चाकांच्या खुर्चीसाठी त्याने एक जोडकाम तयार केले होते. फुटपाथची कड आली की खुर्चीची पुढची लहान चाके अडतात, हे सर्वांनी पाहिले आहे. त्याने मागे एक तरफ बसवली होती. ती पायाने दाबली की पुढची चाके अलगद उचलली जात. काम साधे, पण डोके चांगले चाललेले.

"काका, उद्याच ह्याचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवतो," तो म्हणाला. "लोकांना आवडले तर मग पेटंटचे बघू."

आम्ही त्याला शेजारी बसवले आणि म्हटले, "बाळा, उलटे कर. आधी पेटंटचे बघ, मग व्हिडिओचे."

त्याने कारण विचारले. ते सांगायला आम्हांस तासभर लागला. तेच सर्व वाचकांस उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख लिहीत आहोत. आम्ही वकील नाही. कारखान्यात यंत्रांशी झटण्यात हयात गेली, त्यातून जे शिकलो आणि पुढे वाचून जे समजले ते येथे मांडतो. आपल्या समाजात हातात कसब असलेली माणसे पूर्वीपासून आहेत. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली हे नाव पडले. पुढे मुंबईत आपल्यांपैकी कित्येक सुतारकाम, गवंडीकाम आणि यंत्रकाम करू लागले. अशा घरांतली मुले आज ह्या देशात इंजिनियर आहेत. म्हणून हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

पेटंट म्हणजे काय?

पेटंटला सरकारी मराठीत 'एकस्व' म्हणतात, पण बोलण्यात पेटंट हाच शब्द रूढ आहे. मूळ अर्थ 'उघडे पत्र'. राजाची मोहोर खाली लटकवलेले, कोणीही वाचावे असे पत्र. इंग्लंडमधील सर्वांत जुने ज्ञात पेटंट १४४९ सालचे. सहाव्या हेन्री राजाने ते जॉन ऑफ युटिनम नावाच्या, फ्लँडर्सहून आलेल्या काच-कारागिराला दिले. रंगीत काच करण्याची त्याची रीत वीस वर्षे दुसऱ्या कोणी त्याच्या संमतीवाचून वापरू नये, आणि त्याने ती येथील लोकांना शिकवावी, असा तो सौदा होता. म्हणजे ह्या देशातले पहिले पेटंट बाहेरून आलेल्या माणसाचे होते, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पेटंट आजही तसाच सौदा आहे. शोध लावणारा आपली युक्ती सरकारला पूर्ण उघड करून सांगतो, आणि त्याबदल्यात काही वर्षे इतरांना ती वापरण्यास मनाई करण्याचा हक्क मिळवतो. मुदत संपली की युक्ती सर्वांची. १६२४ च्या कायद्याने ही मुदत चौदा वर्षांची ठरली, १९१९ मध्ये ती सोळा झाली, आणि १९७७ च्या कायद्याने वीस.

येथे एक बारीक मुद्दा आहे आणि सारा लेख त्याच्यावर उभा आहे. पेटंट तुम्हांला वस्तू बनवण्याचे भांडवल देत नाही, गिऱ्हाईक देत नाही, पगार देत नाही. ते फक्त दुसऱ्याला 'येऊ नकोस' म्हणण्याचा अधिकार देते. थोडक्यात, ते कुंपण आहे. शेत तुम्हांलाच नांगरावे लागते, आणि पाऊसही वेळेवर यावा लागतो.

पहिला धडा : कुंपण आधी, बोलणे मागून

पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो. नवा म्हणजे अर्ज करण्याच्या दिवसापर्यंत जगात कोठेही, कोणत्याही रीतीने लोकांपुढे न आलेला. छापील लेख, प्रदर्शन, विक्री, व्याख्यान, व्हिडिओ, हे सर्व 'लोकांपुढे येणे' होय. आणि ते काम स्वतः संशोधकाने केले तरी फरक पडत नाही. अमेरिकेत संशोधकाच्या स्वतःच्या प्रसिद्धीला एक वर्षाची सवलत आहे; ब्रिटनमध्ये तशी सर्वसाधारण सवलत नाही. विश्वासघाताने कोणी गुपित फोडले, तर मात्र सहा महिन्यांची मर्यादित सूट आहे.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. १९८१ साली आम्ही मिडलँड्समधील एका कारखान्यात फिटर होतो. गोल पाइपला भोक पाडताना पाइप ड्रिलखाली फिरतो, हे त्या कामातल्या माणसांना ठाऊक आहे. त्यासाठी आम्ही घराच्या मागल्या शेडमध्ये एक चिमटा बनवला. एका हाताने खटका ओढला की कोणत्याही जाडीचा पाइप मधोमध येऊन पक्का बसे. कारखान्यात आमच्याकडे संशोधनाचे काम नव्हते, आणि सामान व वेळ आमचाच होता. पुढे कारागिरांच्या हौशी वस्तूंचे प्रदर्शन भरले. त्यात तो मांडला. स्थानिक वर्तमानपत्राने फोटो छापला, खाली चार ओळींत तो कसा चालतो तेही लिहिले. आम्ही ते कात्रण मुंबईला आईकडे पाठवले. तिने ते भायखळ्याच्या घरी भिंतीला लावले आणि येईल-जाईल त्याला दाखवले.

तीन महिन्यांनी एका मित्राच्या आग्रहावरून पेटंट एजंटाकडे गेलो. भला माणूस. त्याने चिमटा हातात घेऊन दोनदा चालवून पाहिला, मान डोलावली आणि एकच प्रश्न विचारला : "हा आजवर कोणी पाहिला आहे का?" आम्ही अभिमानाने पाकिटातून कात्रण काढून पुढे ठेवले. त्याने ते वाचले, घडी घालून परत दिले, आणि फी घेतली नाही.

दोष कोणाचाच नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. चिमट्याने आम्ही श्रीमंत झालो असतो असेही नाही. पण निर्णय आमच्या हातात राहिला असता, तो राहिला नाही. ते कात्रण पुढे आईच्या सामानात सापडले. अजून आमच्याजवळ आहे.

दुसरा धडा : कुंपणाला पीक येत नाही

आता मोठ्या माणसाकडे वळू. आपल्या मुंबईचा एक मराठी माणूस लंडनला आला, पेटंटांवर पेटंटे घेतली, आणि तरीही ज्या यंत्रावर त्याने सारे लावले ते त्याला येथे बाजारात नेता आले नाही. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म १८६७ साली मुंबईत झाला. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. 'सायंटिफिक अमेरिकन' नावाचे मासिक वाचून आपण यंत्रे शिकलो, असे ते पुढे सांगत. त्या मुंबईत कारागिरांना वाचायची सोय नव्हती असे नाही. टाकसाळ आणि गोदी येथील तरुण मेकॅनिकांनी १८४७ साली एक संस्था काढली होती. तीच पुढे डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या काळ्या घोड्याजवळच्या इमारतीत आली. ती डेव्हिड ससून लायब्ररी आपल्यापैकी अनेकांनी आतून पाहिली असेल. पण वाचनालय आणि कारखाना ह्यांत अंतर असते, आणि ते तोडायला त्या काळी हिंदुस्थानात भांडवलही नव्हते आणि उत्तेजनही.

वयाच्या विशीत भिसे ह्यांनी नाना खटपटी केल्या. उघडल्यास कळून येईल अशी बाटली, सायकलसाठी विजेची जोडकामे, मुंबईच्या लोकल गाड्यांत पुढचे स्टेशन दाखवणारे यंत्र. दृष्टिभ्रमाचे प्रयोगही ते करून दाखवीत. पुढे एका विलायती नियतकालिकाने स्पर्धा लावली : किराणा माल आपोआप वजन करून देणारे यंत्र सुचवा. भिसे ह्यांचा आराखडा पहिला आला. मुंबईच्या पुढाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. दिनशा वाच्छा ह्यांचे पत्र घेऊन, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनला निघाले. पत्र होते दादाभाई नौरोजींना.

दादाभाई १८९२ साली फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटवर निवडून आले होते, हे सर्वांस माहीत आहे. ते काही काळ दक्षिण लंडनमध्ये अ‍ॅनर्ली पार्क येथे राहत. २०२२ साली त्या घरावर निळी पाटी बसली आहे. हिंदुस्थानचे दारिद्र्य हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. एखादा हिंदी माणूस शोध लावून उद्योग उभारील, तर ते त्यांना राजकारणाइतकेच मोलाचे वाटे. त्यांनी भिसे ह्यांच्या कामात स्वतःचे पैसे घातले. भिसे ह्यांनी विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी केली. ती क्रिस्टल पॅलेस येथे लागली. स्वयंपाकघरातील उपकरणे, टेलिफोन, आपोआप पाणी सोडणारा संडास अशा अनेक गोष्टींवर ते काम करीत होते. आयुष्यभरात त्यांच्या नावावर दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंटे सांगितली जातात.

पण त्यांनी जीव लावला तो खिळे ओतण्याच्या यंत्रावर. हे यंत्र काय होते ते समजण्यासाठी जुन्या छापखान्यात डोकावू या.

ज्यांनी गिरगावातील वा भायखळ्यातील छापखाने पाहिले असतील त्यांना जुळारी आठवेल. तिरप्या केससमोर उभा राहून तो एकेक खिळा उचलून ओळ लावी. मराठीचे काम तर फारच किचकट. इंग्रजीत सव्वीस अक्षरे, त्यांची मोठी रूपे, आकडे आणि चिन्हे असली की भागते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. लोकमान्य टिळकांनीसुद्धा ही संख्या कमी करण्यासाठी बरेच डोके खर्च केले. हे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील ह्यांच्या मिश्रणाचे. वितळलेला रस अक्षराच्या साच्यात दाबायचा, थंड होऊ द्यायचा, खिळा बाहेर काढायचा. छापून छापून तो झिजला की पुन्हा वितळवायचा.

त्या सुमारास दोन प्रसिद्ध यंत्रे बाजारात आली होती. लिनोटाइप अख्खी ओळ एकत्र ओती. मोनोटाइप कागदी पट्टीवरील भोकांच्या इशाऱ्याने एकेक सुटा खिळा ओतून ओळीत लावी. सुट्या खिळ्याचा फायदा असा, की एक अक्षर चुकले तर तेवढेच बदलता येते. तोटा असा, की एकाच साच्यातून एका वेळी एकच खिळा निघतो, आणि रस थंड होण्यासाठी थांबावे लागते. यंत्र कितीही जोरात फिरवा, धातू आपल्या वेळेनेच गोठतो. अडचण होती ती इथे. भिसे ह्यांचा विचार असा, की एकाच्या जागी अनेक वेगवेगळी अक्षरे एकाच वेळी ओतावीत. त्यांच्या यंत्राला 'भिसोटाइप' नाव पडले. त्याच्याबद्दल मिनिटाला बाराशे खिळ्यांचा दावा केला जाई. प्रचलित यंत्रांच्या कितीतरी पट हा वेग होता.

छापखान्याच्या धंद्यात त्याची चर्चा झाली. पण नमुना चालवून दाखवणे वेगळे, आणि शेकडो यंत्रे बनवून, विकून, दुरुस्तीला माणसे ठेवणे वेगळे. त्यासाठी कारखाना हवा, अवजारे हवीत, आणि पहिली दोन-चार वर्षे तोटा सोसणारा धनी हवा. समोर लिनोटाइप आणि मोनोटाइप ह्या भरपूर भांडवलाच्या कंपन्या होत्या. दादाभाईंनी आपल्या ओळखीचे समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन ह्यांना मध्ये घातले. पण भांडवल उभे राहिले नाही. १९०७ साली वृद्ध दादाभाई कायमचे मायदेशी परतले. १९०८ च्या अखेरीस भिसे ह्यांनी लंडनचा गाशा गुंडाळला.

पुढे गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्या मध्यस्थीने जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा ह्यांनी त्यांना हात दिला. ट्विकेनहॅमचे यॉर्क हाउस एके काळी ज्यांचे होते तेच हे. १९१० साली टाटा-भिसे ह्यांच्या नावाने शोधांसाठी मंडळी स्थापन झाली आणि भिसे पुन्हा लंडनला आले. पण १९१४ साली महायुद्ध पेटले आणि पैशाचा ओघ आटला. मग भिसे अमेरिकेला गेले. तेथे यंत्रात आणखी सुधारणा केल्या, कंपनी काढली, आयोडीनचे एक औषधही तयार केले. तिकडे त्यांना 'हिंदी एडिसन' म्हणत. प्रत्यक्ष एडिसनची भेटही झाली. १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. आज त्यांचे नाव मराठी मुलांनाही क्वचितच माहीत असते.

ह्यातून काय शिकावे? भिसे ह्यांची बुद्धी कमी पडली नाही, आणि पेटंटचे ज्ञानही कमी पडले नाही. त्यांचे कुंपण व्यवस्थित होते. पण तेव्हा पेटंट चौदा वर्षांचे, आणि भांडवल शोधण्यात दहा वर्षे गेली की कुंपणाच्या आत नुसते गवत उरते. दादाभाईंसारखा थोर पाठीराखा होता. पण ते काही यंत्रांचे कारखानदार नव्हते. चांगल्या मनाचा मदतगार आणि त्या धंद्यातला भागीदार, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटंटच्या अर्जाबरोबरच 'हे बनवणार कोण, घेणार कोण?' ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागावे, हा भिसे ह्यांच्या आयुष्याचा धडा आहे.

तिसरा धडा : सही करण्यापूर्वी वाचा

दुसरा माणूस आपल्याच धर्माचा, पण व्हिएन्नाचा. पॉल आयस्लर हे तरुण ज्यू इंजिनियर १९३६ साली नाझींच्या सावटातून निघून लंडनला आले. जवळ पैसा नव्हता, होती ती विद्या. तेव्हा रेडिओच्या पोटात तारांचे जंजाळ असे, आणि बायका एकेक तार हाताने डाखीत. छपाईची कला माहीत असलेल्या आयस्लरांना वाटले, तारा छापूनच का काढू नयेत? तांब्याचा पातळ पत्रा अवाहक फळीवर चिकटवायचा, हवा तो नकाशा शाईने छापायचा, आणि उरलेले तांबे आम्लाने खाऊन टाकायचे. छापील सर्किट ते हेच. आज आपल्या घरातील प्रत्येक रेडिओ, टेलिफोन व धुलाईयंत्रात ते आहे.

हॅम्पस्टेडच्या भाड्याच्या खोलीत त्यांनी असा रेडिओ बनवला. पहिल्यांदा कोणी दाद दिली नाही. १९४० साली तर 'शत्रुदेशाचे नागरिक' म्हणून त्यांना छावणीत डांबले. हिटलरपासून पळून आलेल्या ज्यूला! सुटल्यावर एका लंडनच्या छपाई कंपनीने त्यांना नोकरी दिली. आनंदाच्या भरात त्यांनी करारपत्र नीट न वाचता सही केली, आणि शोधांचे हक्क नाममात्र मोबदल्यात कंपनीकडे गेले. पुढे त्यांसाठी निघालेल्या कंपनीत त्यांना थोडा हिस्सा मात्र मिळाला. १९४३ साली पेटंटचा अर्ज झाला. युद्धानंतर सारे जग छापील सर्किट वापरू लागले, परंतु अमेरिकेत ते पेटंट कोर्टात टिकले नाही. ज्याच्यावर आजचा इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा उभा आहे, त्या कल्पनेच्या मानाने आयस्लरांच्या पदरी फारच थोडे पडले.

नोकरदारांनी येथे विशेष लक्ष द्यावे. १९७७ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे, शोध लावणे हाच तुमच्या नेहमीच्या कामाचा भाग असेल, तर तो शोध मालकाचा. मग तो तुम्ही घरी, रविवारी, स्वतःच्या टेबलावर लावलेला असो. कामाशी संबंध नसेल तर तो तुमचा, आणि हा हक्क आधीच हिरावून घेणारे कलम करारात असले तरी ते चालत नाही. शिवाय, मालकाला शोधापासून असामान्य फायदा झाला तर नोकराला वाजवी वाटा मागता येतो.

हे कागदावरच राहत नाही, ह्याचे उदाहरण आहे. प्राध्यापक इयन शँक्स हे युनिलिव्हर उद्योगसमूहात नोकरीस असताना १९८२ साली त्यांनी रक्तातील साखर मोजण्याची एक चपटी पट्टी शोधली. पहिला नमुना त्यांनी मुलीच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचा आणि कागद धरायचे चिमटे वापरून घरी बनवला होता. कंपनीला त्या पेटंटांतून सुमारे अडीच कोटी पौंड मिळाले. शँक्स ह्यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, खालच्या सर्व पायऱ्यांवर हरले, आणि शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वीस लाख पौंड देवविले. न्याय मिळाला, पण शोधाला तोवर सदतीस वर्षे झाली होती.

चौथा धडा : कुंपणालाही वाळवी लागते

पेटंटची मुदत घड्याळासारखी चालते. शोधाचा काळ आला की नाही हे ती पाहत नाही. बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबात जन्मलेले डेनिस गॅबोर हेही नाझी राजवटीमुळे इंग्लंडला आले. रग्बी येथे एका विजेच्या कंपनीत काम करीत असताना १९४७ साली त्यांनी होलोग्राफीची कल्पना मांडली व तिचे पेटंट मागितले. पण त्यासाठी लागणारा शुद्ध प्रकाश तेव्हा अस्तित्वातच नव्हता. लेसर आला १९६० साली. सोळा वर्षांच्या मुदतीतली तेरा तोपर्यंत गेली होती. गॅबोर ह्यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि योग्यच झाले. पण मान वेगळा आणि पेटंटचे उत्पन्न वेगळे.

आज काय करावे?

आता व्यवहाराचे बोलू.

१. आधी शोधा. आपली युक्ती कोणी पूर्वीच नोंदवली आहे का ते पाहा. युरोपियन पेटंट कार्यालयाचे 'एस्पेसनेट' हे भांडार घरबसल्या, फुकट चाळता येते. लंडनमध्ये सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि इतर अनेक शहरांच्या वाचनालयांत ह्या कामी मदत करणारे विभाग आहेत.

२. तोंड बंद ठेवा. बोलणे भागच असेल तर गुप्ततेचा लेखी करार करून बोला. पेटंट अ‍ॅटर्नीशी बोलणे गुप्तच राहते. त्यांच्यापैकी बरेच जण पहिला सल्ला विनामूल्य देतात.

३. वर्णन पूर्ण लिहा. अर्ज वेल्समधील न्यूपोर्ट येथील कार्यालयाकडे जातो. त्यात वर्णन, आकृत्या, सारांश आणि 'दावे' असतात. दावे म्हणजे कुंपणाची नेमकी रेषा. फार आखूड आखली तर शेजारी बाजूने आत शिरतो. फार लांब आखली तर दुसऱ्याच्या जमिनीत जाते आणि रद्द होते. दावे मागाहून, बारा महिन्यांच्या आत देता येतात. पण वर्णनात जे पहिल्या दिवशी लिहिले नाही, ते नंतर घुसवता येत नाही. म्हणून घाईत अर्धवट वर्णन देऊ नका.

४. बारा महिने विसरू नका. ब्रिटिश पेटंट ब्रिटनपुरतेच. भारतात, इस्राएलमध्ये किंवा अमेरिकेत हवे असेल, तर पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांच्या आत हालचाल केली की पहिलीच तारीख धरली जाते. अठरा महिन्यांनी अर्ज जगापुढे प्रसिद्ध होतो.

५. खर्चाचा हिशेब आधी करा. अर्जाच्या सरकारी फीपेक्षा अ‍ॅटर्नीची फी कितीतरी जास्त असते. पुढे चौथे वर्ष संपताना पहिली नूतनीकरणाची फी, आणि मग दरवर्षी. भरली नाही की कुंपण पडले. 'तुमचा शोध आम्ही विकून देतो' म्हणून आधीच मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

६. पेटंट घेऊच नये, हेही उत्तर असू शकते. उपयोग पैशासाठी नसून सर्वांसाठी असेल, तर उघडपणे प्रसिद्ध करून टाकावे. मग दुसऱ्या कोणालाही त्यावर पेटंट घेता येणार नाही. पण हे जाणूनबुजून करावे, आमच्यासारखे नकळत नव्हे.

अभ्यासासाठी प्रश्न

घरातील तरुण मुलामुलींबरोबर बसून ह्या प्रश्नांवर बोलावे, अशी विनंती आहे :

- भिसे ह्यांना दादाभाईंऐवजी एखादा छापखान्याच्या यंत्रांचा कारखानदार भेटला असता, तर काय बदलले असते?
- आयस्लर निर्वासित होते, हाती पैसा नव्हता. गरजू माणसाने करार नाकारावा कसा? मग निदान काय मागून घ्यावे?
- तुमच्या नोकरीच्या करारात शोधांविषयी काय लिहिले आहे? वाचले आहे का?

शेवटी त्या तरुणाविषयी. त्याने व्हिडिओ पाठवला नाही. दोन आठवडे खपून वर्णन लिहिले, आकृत्या काढल्या, आणि जुन्या पेटंटांचा शोध घेतला. तेव्हा असे दिसले, की तरफेची मूळ कल्पना पूर्वी दुसऱ्याने नोंदवलेली आहे. पण ती आपोआप परत जागेवर येण्याची त्याची जी स्प्रिंगची रचना आहे, ती कोठे सापडली नाही. तेवढ्यावरच त्याने अर्ज केला आहे. पेटंट मिळेल न मिळेल, मिळाले तरी कारखानदार भेटेल न भेटेल. आम्ही त्याला कसलेही आश्वासन दिले नाही.

मात्र त्याच्या आजीची खुर्ची फुटपाथ चढते आहे. परवा ती त्याच खुर्चीतून सिनेगॉगला आली. दाराशी एक लहान पायरी आहे. नातवाने पायाने तरफ दाबली, खुर्ची वर आली, आणि आजूबाजूच्या मंडळींनी विचारले, "अरे, हे कसे केलेस?" अर्ज आदल्याच आठवड्यात गेला होता, म्हणून त्याला आता बिनधास्त सांगता आले.

सर्वांस शालोम.